काचेचे काळीज, यंत्राचा ठेका

'हार्ट ऑफ ग्लास' या गाण्याची सुरुवात कोणी माणूस करत नाही. एक पेटी करते. आधी कोरडी, बारीक आणि जराही न डगमगणारी टिकटिक कानावर येते, मग तिच्यावर बास ड्रमचे ठोके चढतात, गिटारचे तुटक सूर येऊन मिसळतात, मागे सिंथेसायझर पसरत जातो आणि त्यानंतर, आपल्याला कसलीच घाई नाही अशा थाटात, डेबी हॅरी गाऊ लागते. ती टिकटिक रोलँड या जपानी कंपनीच्या सीआर-७८ नावाच्या तालयंत्राची आहे. १९७८ साली बाजारात आलेल्या या यंत्रावर वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट, रुंबा, बोसा नोव्हा अशा ठेक्यांची बटणे ओळीने मांडलेली होती, आणि एकट्याने ऑर्गन वाजवणाऱ्याला साथ मिळावी हा अशा यंत्रांचा मूळ हेतू होता. आपल्याकडे रियाजाला बसलेला गायक इलेक्ट्रॉनिक तबल्यावर तीनताल लावून देतो, त्याच जातीची ही सोय. न्यू यॉर्कच्या एका पंक क्लबातून वर आलेल्या, गिटारच्या गोंगाटावर वाढलेल्या ब्लाँडी या बँडने असली सोय आपल्या गाण्याच्या अगदी दर्शनी भागात मांडली, आणि तिथूनच भांडणाला तोंड फुटले.

हे गाणे सिंगल म्हणून जानेवारी १९७९ मध्ये निघाले. फेब्रुवारीत ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि चार आठवडे तिथून हलले नाही. एप्रिलच्या अखेरीस ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीतही अव्वल ठरले. एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. ज्यांनी ब्लाँडीला न्यू यॉर्कमधल्या बावरी रस्त्यावरच्या क्लबातल्या चिंचोळ्या मंचावर घाम गाळताना पाहिले होते, त्यांच्यापैकी अनेकांनी मात्र नाके मुरडली आणि हा बँड डिस्कोला विकला गेला, असा निकाल देऊन टाकला. विकले जाण्याचा आरोप रॉकच्या जगात फार जुना आहे आणि फार सोयीस्करही आहे. तो करणाऱ्याला वेगळा पुरावा द्यावा लागत नाही, समोरच्याचे गाणे गाजले एवढे त्याला पुरते. मला या गाण्याबद्दल जे म्हणायचे आहे ते या आरोपाच्या नेमके उलट आहे. माझ्या मते हे गाणे कोणाला विकले गेले नाही. ते चार वर्षे स्वतःच्या ठेक्याच्या शोधात होते, आणि तो ठेका सापडल्यावरही बँडने आपला हट्ट त्यात अशा जागी ठेवून दिला की नाचणाऱ्याच्या पायाला त्याचा पत्ता लागू नये.

आधी भूगोल पाहावा, कारण या भांडणात तो फार बोलका आहे. हिली क्रिस्टल याने डिसेंबर १९७३ मध्ये मॅनहॅटनमधल्या बावरी रस्त्यावर ३१५ क्रमांकाच्या जागेत सीबीजीबी हा क्लब उघडला. नावातली अद्याक्षरे कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या गायनप्रकारांची होती, पण प्रत्यक्षात तिथे रमोन्स, टेलिव्हिजन, पॅटी स्मिथ, टॉकिंग हेड्स आणि ब्लाँडी वाजवू लागले. बावरी म्हणजे त्या काळी बेघरांची आणि दारूच्या नादी लागून सर्वस्व घालवलेल्यांची वस्ती. १९७५ मध्ये तर खुद्द न्यू यॉर्क शहरच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते. अशा शहरात जागा स्वस्त मिळतात, आणि स्वस्त जागांत नवे संगीत जन्माला येते. त्याच सुमारास, बावरीपासून पायी सहज जाता येईल अशा प्रिन्स स्ट्रीटवर, डेव्हिड मँक्युसो याचा 'द लॉफ्ट' चालू होता. तिथे निमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता, दारू विकली जात नव्हती, ध्वनिव्यवस्थेची निगा एखाद्या व्रतासारखी राखली जाई, आणि नाचणाऱ्यांत कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी मंडळींचा भरणा असे. डिस्कोची खरी मुळे अशा ठिकाणी आहेत. पडद्यावरचा पांढऱ्या सुटातला नायक आणि वेस्ट ५४ व्या रस्त्यावरचा, १९७७ मध्ये उघडलेला तो श्रीमंतांचा क्लब स्टुडिओ ५४ हे सगळे मागाहून आले.

म्हणजे एकाच पडझडीच्या शहरात, एकमेकांपासून काही रस्त्यांच्या अंतरावर, दोन नवी संगीते वाढत होती. वाजवणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना ये-जा करायला कोणी अडवत नव्हते. भिंत उभी होती ती मुख्यतः रॉकवर लिहिणाऱ्यांच्या आणि रॉकचे टी-शर्ट घालणाऱ्यांच्या मनात, आणि तिच्यात गोरे-काळे, पुरुषी-बायकी, अस्सल-नक्कल असे बरेच न बोललेले हिशेब चिणलेले होते.

ब्लाँडी हा बँड डेबी हॅरी आणि गिटारवादक ख्रिस स्टाइन यांनी १९७४ मध्ये उभा केला. हॅरीचा जन्म १९४५ चा, म्हणजे हे गाणे गाजले तेव्हा तिने तिशी ओलांडून बराच काळ लोटला होता. तोवर तिने बीबीसीच्या न्यू यॉर्क कचेरीत सेक्रेटरीचे काम केले होते, मॅक्सेस कॅन्सस सिटी या कलावंतांच्या अड्ड्यात वेट्रेस म्हणून ताटे उचलली होती आणि प्लेबॉय क्लबात नोकरीही केली होती. रस्त्यावरून जाताना ट्रकचालक तिच्या सोनेरी केसांवरून जी हाक मारत, तीच तिने बँडला नाव म्हणून दिली. पुढे लोक तिलाच ब्लाँडी समजू लागले, तेव्हा ब्लाँडी हा एक समूह आहे असे बिल्ले छापून वाटण्याची वेळ आली. क्लेम बर्क ड्रमवर, जिमी डेस्ट्री कीबोर्डवर, फ्रँक इन्फांते दुसऱ्या गिटारवर आणि इंग्लंडहून आलेला नायजेल हॅरिसन बास गिटारवर, अशी १९७८ ची मांडणी होती.

आता गाण्याचे वय. हॅरी आणि स्टाइन यांनी हे गाणे १९७४-७५ च्या सुमारास रचले होते, म्हणजे बँडचे पहिले ध्वनिमुद्रणही व्हायचे होते तेव्हा. त्याला धड नावसुद्धा नव्हते. पहिल्या ओळीवरून त्याला ओळखत, आणि आपापसांत बोलताना सरळ 'डिस्को साँग' म्हणत. ह्यूज कॉर्पोरेशनच्या १९७४ मधल्या 'रॉक द बोट' या गाण्याचा परिणाम त्यावर होता, हे स्टाइनने पुढे स्वतःच सांगितले आहे. १९७५ मध्ये त्याचे कच्चे ध्वनिमुद्रणही झाले. ते आज ऐकायला मिळते, आणि ऐकल्यावर दोन गोष्टी एकदम लक्षात येतात. एक, चाल जवळजवळ तीच आहे. दोन, गाणे उभे राहत नाही. ठेका सैल आहे, गिटार फंकच्या वळणाने जाऊ पाहते आणि अर्ध्यावर थांबते, सगळे मिळून कुठे निघाले आहेत याचा अंदाज येत नाही. बँडने मग ते संथ करून पाहिले, रेगेच्या अंगानेही वाजवून पाहिले. चाल प्रत्येक पोशाखात गोड वाटे आणि एकाही पोशाखात शोभत नसे. असे गाणे बहुतेक बँड टाकून देतात. यांनी ते टाकले नाही, एवढीच बाब विकले जाण्याच्या आरोपाला उत्तर म्हणून पुरेशी आहे असे मला वाटते, कारण १९७५ मध्ये डिस्कोच्या मागे धावून सीबीजीबीत कोणाचेही पोट भरणार नव्हते.

आणखी एक गोष्ट या आरोपाला आडवी येते. मे १९७८ मध्ये सीबीजीबीतच, एका जखमी ड्रमवादकाच्या उपचारखर्चासाठी कार्यक्रम झाले, त्यांत ब्लाँडीने डोना समर या डिस्को गायिकेचे 'आय फील लव्ह' वाजवले. जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी १९७७ मध्ये जवळजवळ संपूर्णपणे सिंथेसायझरवर उभे केलेले ते गाणे म्हणजे त्या काळच्या पंकाभिमानी श्रोत्याच्या दृष्टीने शत्रूचे निशाण होते. ते पंकच्या माहेरघरात, गिटारी घेऊन, गंभीरपणे वाजवण्यामागे थट्टा नव्हती. हॅरीला डोना समर आवडत होती. स्टाइन आणि डेस्ट्री यांना जर्मनीच्या क्राफ्टवर्क या इलेक्ट्रॉनिक बँडचे वेड होते. डिस्कोकडे बँडला त्याच्या आवडीने नेले, हिशेबाने नव्हे, आणि ती आवड चारचौघांत कबूल करण्याइतपत धाडसही त्याच्याकडे होते.

१९७८ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत 'पॅरलल लाइन्स' या तिसऱ्या अल्बमचे काम सुरू झाले आणि निर्माता म्हणून माइक चॅपमन आला. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. निकी चिन याच्या जोडीने त्याने इंग्लंडात स्वीट आणि सुझी क्वाट्रो यांना लोकप्रियतेच्या याद्यांत वर नेऊन बसवले होते. तीन-साडेतीन मिनिटांत श्रोत्याची मानगूट कशी धरायची हे त्याला ठाऊक होते. वादनाच्या शिस्तीच्या बाबतीत ब्लाँडी फारच कच्चा बँड होता, हे त्याने पुढच्या मुलाखतींत आडपडदा न ठेवता सांगितले आहे. एकेक जागा बिनचूक येईपर्यंत तो पुन्हापुन्हा वाजवून घेई. हातातली गाणी ऐकून झाल्यावर त्याने आणखी काही आहे का असे विचारले, तेव्हा जरा संकोचाने हे जुने, बिननावाचे गाणे पुढे आले. चॅपमनला त्यात काय आहे ते लगेच दिसले. कोणत्या गायिकेच्या वाटेने जावेसे वाटते, असे हॅरीला विचारल्यावर उत्तर डोना समर असेच आले, आणि दिशा ठरली.

इथे ते तालयंत्र गोष्टीत शिरते. स्टाइन आणि डेस्ट्री यांच्या हाती ते नुकतेच लागले होते. यंत्र आधी लावायचे, ते सांगेल ती लय शिरसावंद्य मानायची आणि त्यावर बाकीची वाद्ये एकेक करून रचत जायची, असे ठरले. आज ही पद्धत इतकी सर्वसामान्य झाली आहे की तिच्यातले वेडेपण समजायला थोडे थांबावे लागते. रॉक बँडमध्ये लयीचा मालक ड्रमवादक असतो. तो किंचित पुढे सरकला की सगळे पुढे सरकतात, तो दम खातो तेव्हा सगळे दम खातात. क्लेम बर्क हा तर द हू या बँडच्या कीथ मूनचा भक्त. ड्रमच्या ताफ्यावर वादळासारखे तुटून पडणे, दोन ओळींमधली प्रत्येक रिकामी जागा भरून काढणे, हा त्याचा स्वभाव. त्या माणसाला आता एका पेटीच्या टिकटिकीच्या मागे बसायचे होते. त्यातही चॅपमनने ड्रमचा ताफा एकत्र वाजवू दिला नाही. बास ड्रम वेगळा, बाकीचे ड्रम आणि झांजा वेगळ्या, असे तुकडे स्वतंत्रपणे मुद्रित करून ते एकमेकांवर बसवले गेले. उत्साही ड्रमवादकाला नुसता पायाने बास ड्रम वाजवत बसवायचे, तेही चेहऱ्यासमोर काच आणि काचेपलीकडे समाधान न होणारा निर्माता, ही शिक्षाच म्हणायची.

पण त्या शिक्षेतून जे निघाले ते मोठे विलक्षण आहे. तबल्याच्या क्लासात माझे हात फारसे तयार झाले नाहीत, कान मात्र तयार झाले, आणि त्यामुळे गाणे कुठल्याही मुलखाचे असले तरी मी आधी ठेका ऐकतो. या गाण्यातला ठेका यंत्राचा असूनही यांत्रिक वाटत नाही, याचे कारण शोधायचे तर टिकटिक आणि बर्क यांच्यामधल्या फटीत डोकवावे लागते. टिकटिक जिथल्या तिथे असते. बर्कची झांज तिच्याशी प्रामाणिक राहते, पण प्रत्येक आघाताचे वजन सारखे नसते. कुठे काठी जरा जास्त लागते, कुठे झांज किंचित उघडी राहते. कान देऊन ऐकले तर एक रेघ पट्टीने ओढलेली आणि तिच्यावरून दुसरी नुसत्या हाताने गिरवलेली ऐकू येते. दोन्ही एकमेकींवर बसतात, पण एकरूप होत नाहीत. सगळेच यंत्रावर सोपवले असते तर गाणे थंड झाले असते, आणि सगळे बर्कवर सोपवले असते तर ते १९७५ च्या कच्च्या मुद्रणासारखे हेलकावे खात राहिले असते.

आता त्या हट्टाकडे येतो. गाण्याच्या मधल्या वाद्यभागात, जिथे गायन थांबते आणि गिटार व सिंथेसायझर पुढे येतात, तिथे काही आवर्तनांतून एक मात्रा गायब होते. चार-चारच्या हिशेबाने आठ मात्रा मोजत बसलेला माणूस आठवीपर्यंत पोचायच्या आतच पुढची सम येऊन आदळते. मांडीवर हात ठेवून मोजून पाहावे: एक ते चार सुखरूप जातात, पाच, सहा, सात होतात, आणि आठसाठी उचललेले बोट हवेतच राहते. आपल्याकडे सात मात्रांचे नावीन्य कोणाला वाटू नये; रूपक वाजवणारा मुलगा पहिल्या वर्षातच सातांशी दोस्ती करतो. पण रूपकाची तीन-दोन-दोन अशी स्वतःची घडण आहे, त्याला खालीवरून, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवरून, उठण्याचा स्वतःचा डौल आहे. इथे जे घडते ते सात मात्रांच्या तालाचे वादन नव्हे. आठांच्या चालीतून एक मात्रा कापून काढली आहे, आणि ती कापल्याची जाणीव राहावी म्हणून थोड्या वेळाने चाल पुन्हा पूर्ववत होते.

नाचण्यासाठी केलेल्या गाण्यात असला खेळ करणे म्हणजे नाचणाऱ्याच्या पायाखालची फरशी काढून घेणे, असे वाटेल. डिस्कोचे सारे शास्त्र अखंडतेवर उभे आहे. प्रत्येक मात्रेवर बास ड्रम, त्यात खंड नाही, आणि म्हणून एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात नाचणारा न अडखळता जातो. पण बँडने हा खेळ जिथे केला तिथे त्या शास्त्राचाच आधार घेतला. प्रत्येक मात्रेवर पडणारा ठोका चालूच राहतो, त्यामुळे पाय कुठेच अडखळत नाही. फार तर डाव्याच्या जागी उजवा येतो. गडबड होते ती मोजणाऱ्या डोक्याची. हे कळल्यावर मला या बँडबद्दल जो आदर वाटला तो त्याच्या सगळ्या फोटोंनी आणि दंतकथांनी मिळून कधी वाटला नव्हता. यंत्रापुढे मान तुकवायची, निर्मात्याचे सगळे ऐकायचे, नाचणाऱ्यांना हवा तो ठोका द्यायचा आणि मधेच, कोणाला न दुखवता, एक मात्रा काढून घ्यायची! विकला गेलेला बँड असली उठाठेव कशाला करेल? त्या एका मात्रेने ना खप वाढणार होता, ना रेडिओवाले खूश होणार होते.

हॅरीच्या गाण्याविषयीही असेच म्हणता येते. शब्दांचा विषय नेहमीचाच आहे: प्रेम होते, ते सुरुवातीला छान होते, मग विश्वास उडाला आणि सगळे फुटले. या मजकुरावर दुसऱ्या कोणी गायिकेने हुंदका काढला असता, सूर ताणला असता. हॅरी वरच्या पट्टीत, जवळजवळ निःश्वासासारखा हलका आवाज लावते आणि प्रेमभंगाची हकीकत अशी सांगते की जणू ती शेजारच्या इमारतीत घडली. त्यात तुच्छता नाही, पण रडगाणेही नाही. वस्तीत बऱ्याच नोकऱ्या करून, बरेच पुरुष पाहून झालेल्या तिशीतल्या बाईचा हा स्वर आहे, आणि तो विशीतल्या मुलीला जमला नसता अशी माझी पक्की समजूत आहे. तो प्रियकर अखेरीस डोक्याला ताप ठरला हे सांगताना तिने जो शब्द वापरला तो जरा असभ्य होता, म्हणून रेडिओसाठी काही ठिकाणी तो गाळावा लागला. जुन्या मसुद्यात तोच शब्द वारंवार येत होता. तो सारखा सारखा नको म्हणून काचेच्या काळजाची ओळ बसवली गेली आणि गाण्याला अखेर नाव मिळाले.

एवढे सगळे करून बँडला हे गाणे गाजेल असे वाटले नव्हते. सप्टेंबर १९७८ मध्ये 'पॅरलल लाइन्स' बाजारात आला तेव्हा ते दुसऱ्या बाजूवर चौथे होते, आणि पहिले सिंगल म्हणून ते अमेरिकेतही निघाले नाही, ब्रिटनमध्येही नाही. बँडला डिस्कोवर पोट भरायचे असते तर या गाण्याला कोणी तबकडीच्या मागच्या बाजूला, मधल्या ओळीत बसवले नसते. क्लबांसाठी पुढे जवळजवळ सहा मिनिटांची लांब आवृत्ती बारा इंची तबकडीवर निघाली, आणि अल्बमच्या नंतरच्या प्रतींतही छोट्याऐवजी तीच घातली गेली. माझे मत लांब आवृत्तीच्या बाजूने आहे. छोट्या आवृत्तीत गाणे ऐकवले जाते, लांब आवृत्तीत ते राहायला येते.

चित्रफितीबद्दल थोडक्यात. स्टॅनली डॉर्फमन याने दिग्दर्शित केलेल्या त्या फितीतला क्लब स्टुडिओ ५४ आहे असे सर्रास सांगितले जाते. तो तो नव्हे, हे स्टाइनने स्पष्ट केलेले आहे. हॅरीच्या अंगावरचा पोशाख स्टीफन स्प्राउस या वेशभूषाकाराचा होता. त्याने टीव्हीच्या पडद्यावरच्या आडव्या रेघांचा फोटो कापडावर छापला, खाली सुती कापड आणि वर शिफॉन असे थर दिले, आणि ती हलली की रेघा थरथरल्यासारख्या दिसू लागल्या. टीव्हीसाठीच्या फितीत टीव्हीच्याच रेघा अंगावर घालून उभे राहणे ही कल्पना मला त्या कापलेल्या मात्रेच्या जवळची वाटते. बाकी तिथे आरशांचे गोळे फिरतात, पुरुषमंडळी निर्विकारपणे वाजवतात आणि हॅरी फारशी नाचत नाही, हेही लक्षात येण्याजोगे आहे.

गाणे अमेरिकेत अव्वल ठरल्यानंतर तीन महिनेही उलटले नव्हते, तोच १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात डिस्कोच्या तबकड्या स्फोटकांनी उडवण्याचा कार्यक्रम झाला. स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाने श्रोत्यांना तबकडी घेऊन या, स्वस्तात आत या, असे आवाहन केले होते. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात पेटीभर तबकड्या उडवल्या गेल्या, हजारो प्रेक्षक मैदानात घुसले, खेळपट्टीची दुर्दशा झाली, आणि शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाला दुसरा सामना न खेळताच सोडून द्यावा लागला. ही नुसती पोरांची मस्ती होती असे म्हणणारे आजही आहेत. मला ते पटत नाही. तिथे आलेल्या ढिगात डिस्कोशी काडीचाही संबंध नसलेल्या, निव्वळ कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्याही होत्या, असे तिथे काम करणाऱ्यांनी सांगितलेले आहे, आणि बावरी व प्रिन्स स्ट्रीट यांच्यामधली ती न दिसणारी भिंत कशाची बनली होती ते यातून पुरेसे कळते.

नियतीचा विनोद असा की त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टच्या अखेरीस, शीक या बँडच्या 'गुड टाइम्स' या अस्सल डिस्को गाण्याला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढले ते द नॅक या बँडच्या 'माय शरोना' या गाण्याने. रॉक परत आला म्हणून अनेकांनी त्याचे स्वागत केले. त्या गाण्याचा निर्माता माइक चॅपमन होता. 'हार्ट ऑफ ग्लास'साठी ज्याला डिस्कोचा दलाल ठरवले, तोच काही महिन्यांत डिस्कोपासून रॉकची सुटका करणारा ठरला, आणि दोन्ही वेळा त्याने बहुधा एकच काम केले होते: वादकांना शिस्तीत बसवून सुटसुटीत गाणे बाहेर काढले होते.

ब्लाँडीने मात्र त्या स्फोटाने घाबरून पाऊल मागे घेतले नाही. १९८० मध्ये थेट मोरोडरबरोबर 'कॉल मी' केले, त्याच वर्षी जमैकाच्या वळणाचे 'द टाइड इज हाय' केले, आणि १९८१ मध्ये 'रॅप्चर'मध्ये हॅरीने ब्रॉन्क्समधून वर येणाऱ्या रॅपला अमेरिकेच्या पहिल्या क्रमांकावर नेले, तेही फॅब फाइव्ह फ्रेडी आणि ग्रँडमास्टर फ्लॅश या हिप-हॉपच्या जगातल्या मंडळींची नावे गाण्यातच घेऊन. शहरातल्या दुसऱ्या मोहल्ल्यातले जे आवडेल ते उघडपणे आवडते असे म्हणायचे, ही या बँडची सवयच होती. १९८२ मध्ये बँड मोडला. त्याच सुमारास स्टाइनला गंभीर आजाराने गाठले. १९९७ मध्ये मंडळी पुन्हा एकत्र आली आणि १९९९ मध्ये 'मारिया' ब्रिटनमध्ये पहिले आले.

क्लेम बर्क एप्रिल २०२५ मध्ये वयाच्या सत्तराव्या वर्षी गेला. जून २०२३ मध्ये ग्लास्टनबरीच्या मुख्य मंचावर ब्लाँडीने हे गाणे सादर केले तेव्हा हॅरी सत्त्याहत्तर वर्षांची होती आणि मागे ड्रमवर तोच होता. त्याच्या मंचावरच्या वादनाची जी मुद्रणे आहेत त्यांत तो काठ्या हवेत फेकतो, दोन ओळींमधल्या मोकळ्या जागा दिसतील तशा भरतो, आणि चॅपमनने स्टुडिओत ज्यांपैकी एकही मंजूर केली नसती अशा तिहाया बिनदिक्कत टाकून वेळेवर समेवर येतो.